थ्रीडी मॉडेलमध्ये मँगनीजचा सलग थर तुटून बोअरहोलभोवती गोळे दिसतात: कारणे आणि उपाय

नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजच्या बोअरहोलांची माहिती थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टाकली की एक तक्रार हमखास येते. कागदावरच्या सेक्शनमध्ये (जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रात) थर सलग आहे, शेजारच्या खाणीत तो भिंतीवर डोळ्यांनी दिसतो, पण स्क्रीनवर मात्र प्रत्येक बोअरहोलभोवती एक गोळा आणि दोन बोअरहोलांच्या मध्ये काहीच नाही. सेटिंग बदलून कसाबसा थर जोडला, तर पुढच्या महिन्यात नव्या बोअरहोलची माहिती आली की पुन्हा तेच. सॉफ्टवेअर बदलूनही फरक पडत नाही. महागड्या लीपफ्रॉग किंवा सर्पॅकमध्ये जे होते, तेच फुकटच्या पायथन लायब्ररीत आणि पॅराव्ह्यूतही होते.

म्हणूनच हा दोष चित्र काढण्यातला नाही. आकार कशावरून काढायचा हे आपण सॉफ्टवेअरला जसे सांगतो, त्यातला आहे. पातळ, तीव्र उताराचा आणि घड्या पडलेला थर असेल तर त्याचा आकार ग्रेडवरून (मँगनीजच्या टक्केवारीवरून) काढू नये, थराच्या दोन सीमांवरून काढावा आणि ग्रेड त्या आकाराच्या आत भरावा. असे का, आणि तिथवर पोचण्याआधी काय काय तपासायचे, ते पुढे लिहितो. उदाहरण सौसर समूहाच्या, म्हणजे याच पट्ट्यातल्या मँगनीजधारी, खडकांतले घेतले आहे, कारण मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही खाणींची नावे आपल्याकडे भूशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ओळखीची आहेत आणि हा दोष तिथे अगदी ठळक दिसतो.

आधी नेमके काय दिसते ते ओळखा

"मॉडेल बिघडले" एवढ्यावर निदान होत नाही. मॉडेल सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा आणि बिघाड कोणत्या आकाराचा आहे ते ठरवा.

गोळा बरोबर बोअरहोलवर केंद्रित असेल आणि सगळ्या दिशांना सारखा फुगलेला असेल, तर इंटरपोलेशनला (नमुन्यांच्या मधल्या जागेतल्या किमतींचा अंदाज काढण्याला) दिशा दिलेलीच नाही. गोळ्यांऐवजी एकमेकींना समांतर, पण एका रेषेत न बसणाऱ्या तिरक्या चकत्या दिसत असतील, तर दिशा दिली आहे, पण चुकीची. थर सलग आहे, मात्र मध्येच भोके पडली आहेत आणि ती भोके नेमकी बोअरहोलच्या जागी आहेत, तर ॲसेच्या (नमुन्यांच्या रासायनिक तपासणीच्या) तक्त्यातल्या रिकाम्या नोंदींवर संशय घ्या. थर शेवटच्या बोअरहोलच्या पुढे फुग्यासारखा वाढत गेला असेल, तर थर नसलेल्या भागाची माहिती मॉडेलला मिळालेली नाही. आणि थर पायऱ्यापायऱ्यांनी तुटत असेल, तर ब्लॉकचा (मॉडेल ज्या ठोकळ्यांचे बनते त्यांचा) आकार थराच्या जाडीपेक्षा मोठा आहे.

ही पाचही लक्षणे एकाच मॉडेलमध्ये एकत्र असू शकतात. तरी ती वेगवेगळी ओळखावीत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

जागेच्या चुका: लवकर उरका

इंटरपोलेशनला हात लावण्याआधी बोअरहोल योग्य जागी आणि योग्य दिशेने उभे आहेत का, ते बघून घ्या. यात फार वेळ जात नाही.

बोअरहोल जमिनीतून वर आकाशाकडे जात असतील तर डिपचे (उताराच्या कोनाचे) चिन्ह उलटे आहे. सर्पॅकमध्ये खाली जाणारा डिप ऋण असतो, डेटामाइनमध्ये धन. एका सॉफ्टवेअरमधून काढलेला सर्व्हेचा (बोअरहोलच्या दिशेच्या मोजमापांचा) तक्ता दुसऱ्यात तसाच टाकला की हे होते. सगळेच बोअरहोल उलटे असतील तर चटकन लक्षात येते. वीसांपैकी दोनच उलटे असतील तर येत नाही, आणि ते दोन थराचा आकार पार वाकडा करून टाकतात. म्हणून तक्ता डिपनुसार लावून वरची आणि खालची टोके बघा.

कॉलर (बोअरहोलची तोंडे) जमिनीच्या पृष्ठभागाखाली साठेक मीटर गाडलेले दिसत असतील तर उंचीचा आधार तपासा. जीपीएस यंत्र मुळात देते ती गणिती लंबगोलापासूनची उंची, तर नकाशात आणि एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या) पृष्ठभागात असते ती समुद्रसपाटीपासूनची. मध्य भारतात पहिली दुसरीपेक्षा पन्नास ते सत्तर मीटरनी कमी भरते. काही बोअरहोल एका पद्धतीने आणि काही दुसऱ्या पद्धतीने मोजलेले असतील, तर थर दोन मजल्यांवर विभागलेला दिसेल आणि तुम्ही तिथे नसलेला भ्रंश शोधत बसाल. एसआरटीएमबद्दल अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते मोजमाप फेब्रुवारी २००० मधले आहे. त्यानंतर खोदलेल्या खाणीच्या तळावरून घेतलेला बोअरहोल त्या पृष्ठभागाखाली दिसणारच, आणि तो बरोबर असतो. त्याला ओढून वर आणू नका.

सगळा संच शे-दोनशे मीटर बाजूला सरकलेला असेल, तर जुन्या टोपोशीटचा एव्हरेस्ट आधार आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ या निर्देशांकांच्या दोन वेगळ्या आधारांची सरमिसळ झाली आहे. यूटीएम (मीटरमधले निर्देशांक देणारी नकाशापद्धत) विभाग ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे. नागपूर आणि भंडारा ४४ मध्ये येतात, अमरावती ४३ मध्ये, आणि यवतमाळ जिल्हा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. तिथल्या कोळशाच्या किंवा चुनखडीच्या माहितीवर काम करणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावे. ब्रिटिश काळातल्या खाणींचे जुने नकाशे वापरत असाल तर खोली फुटांत आहे की मीटरमध्ये, आणि "उत्तर" म्हणजे खरी उत्तर की खाणीची स्वतःची उत्तर, हेही पाहा.

मॉडेल फिरवताना थर थरथरत असेल, कडा उड्या मारत असतील, तर तो वेगळाच आजार आहे. या पट्ट्यातले यूटीएमचे उत्तरेकडचे आकडे साधारण २३ ते २४ लाखांच्या घरात असतात. ग्राफिक्स कार्ड बहुधा ३२ बिटांच्या आकड्यांत काम करते, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात तिथे दोन शेजारच्या किमतींतले अंतर पाव मीटर होते. सगळ्या निर्देशांकांतून एक स्थानिक आरंभबिंदू वजा करा. थरथर लगेच थांबते.

रिकामी नोंद म्हणजे शून्य नव्हे

इथे जरा जास्त वेळ द्या. मँगनीजच्या बाबतीत रिकाम्या नोंदी दोन अगदी विरुद्ध कारणांनी येतात.

पहिले कारण म्हणजे कोअरच, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा दांडाच, मिळालेला नसतो. या पट्ट्यातले ऑक्साइड खनिज अनेक ठिकाणी मऊ, भुकटीसारखे असते. ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर ते वाहून जाते आणि कोअरच्या पेटीत तेवढा टप्पा मोकळा राहतो. नमुना नाही म्हणून ॲसे नाही, ॲसे नाही म्हणून तक्त्यात रिकामी जागा, आणि आयात करताना कुणी तरी "रिकामे म्हणजे शून्य" हा पर्याय निवडतो. म्हणजे जिथे चांगले खनिज असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच मॉडेलमध्ये भोक पडते. कोअर रिकव्हरीचा रकाना उघडा आणि थराच्या आसपास रिकव्हरी कमी असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. त्यांना शून्य देऊ नका, "माहीत नाही" अशीच नोंद ठेवा. ड्रिलरच्या दैनंदिन नोंदीत पाण्याचा रंग काळा झाल्याचे लिहिलेले असेल, तर थराची सीमा ठरवायला ते खूप मोलाचे असते.

दुसरे कारण उलटे आहे. अभ्रक-शिस्ट (अभ्रकाचा पत्रित खडक) सरळ सरळ निरुपयोगी दिसतो म्हणून त्याचे नमुने पाठवलेच जात नाहीत. तिथली रिकामी जागा म्हणजे खरोखरच जवळपास शून्य. ती "माहीत नाही" म्हणून गाळली तर मॉडेलसमोर फक्त खनिजाचे नमुने उरतात आणि थर फुगत जातो. तेव्हा सगळ्या रिकाम्या नोंदींना एकच नियम लावणारे बटण दाबू नये. लिथोलॉजीच्या लॉगशी (खडकांच्या नोंदीशी) ताडून प्रत्येक टप्प्याचा निर्णय घ्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण याला दुसरी वाट नाही.

नमुन्यांची लांबीही पाहा. एक नमुना ३० सेंटिमीटरचा आणि दुसरा दोन मीटरचा असेल, आणि दोघांना सारखेच वजन मिळत असेल, तर छोट्या नमुन्यांनी भरलेला भाग विनाकारण वरचढ ठरतो. आधी सगळ्यांचे एकाच लांबीचे कंपोझिट (एकत्रित नमुने) करून घ्या. सीमेपलीकडचा शिस्ट आणि खनिज मात्र एकाच कंपोझिटमध्ये मिसळू देऊ नका.

गोळा का तयार होतो

माहिती साफ झाली आणि तरीही गोळे आहेत. बहुतेक वेळा असेच होते, आणि मूळ प्रश्न इथून सुरू होतो.

समजा, थराची जाडी ६ मीटर आहे आणि थरावर काटकोनात घेतलेले दोन बोअरहोल स्ट्राइकच्या (थराच्या आडव्या पसरण्याच्या) दिशेने १०० मीटर अंतरावर आहेत. प्रत्येकाची लांबी १२० मीटर आणि थर त्यांच्या मध्यावर लागतो. म्हणजे प्रत्येक बोअरहोलमध्ये खनिज ५ टक्के आणि बाकीचे ९५ टक्के शिस्ट किंवा इतर खडक. खनिजाला १, इतराला ० असे आकडे दिले आणि मॉडेलला सांगितले की किंमत ०.५ च्या वर असेल तिथे थर समज.

आता दोघांच्या बरोबर मध्ये, थराच्याच पातळीवर उभे राहून बघा. खनिजाचा नमुना तिथून ५० मीटरवर आहे. थरापासून ३० मीटर वर असलेला शिस्टचा नमुना सुमारे ५८ मीटरवर आहे. दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर, पण शिस्टचे नमुने कितीतरी जास्त. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले तर त्या जागी किंमत येते सुमारे ०.०७. हवी होती ०.५ पेक्षा जास्त. थर तिथे पोचणारच नाही. बोअरहोलला चिकटून असलेल्या जागेतच खनिजाचे नमुने वरचढ ठरतात, म्हणून गोळा बोअरहोलभोवती बसतो आणि त्याचा व्यास थराच्या जाडीच्या आसपासच राहतो. क्रिगिंग किंवा आरबीएफ या इंटरपोलेशनच्या दुसऱ्या पद्धती वापरल्या तर आकडे बदलतील, पण सगळ्या दिशांना सारखा प्रभाव ठेवला असेल तर घडते तेच.

सॉफ्टवेअरने इथे काहीही चुकीचे केलेले नाही. थर पातळ आणि पसरट आहे ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

ती सांगण्याची रीत म्हणजे ॲनिसोट्रॉपी. थराच्या पातळीत प्रभाव दूरवर न्यायचा आणि थराला आडव्या दिशेने आखडायचा. वरच्याच उदाहरणात थराच्या पातळीतला प्रभाव आडव्या दिशेच्या १० पट केला तर मध्यबिंदूची किंमत सुमारे ०.३६ होते. म्हणजे अजूनही थर तुटलेलाच. २० पट केल्यावर ती ०.५७ च्या आसपास जाते आणि थर जुळतो. यातून एक अंदाज हाताशी येतो. गुणोत्तर निदान "बोअरहोलांमधले अंतर भागिले थराची जाडी" एवढे तरी हवे. इथे १०० भागिले ६, म्हणजे जवळजवळ १७. सॉफ्टवेअरमध्ये बरेच जण ३ किंवा ५ असे गुणोत्तर टाकून "ॲनिसोट्रॉपी दिली तरी जमत नाही" म्हणतात, त्याचे उत्तर या भागाकारात आहे. नवा बोअरहोल आल्यावर थर पुन्हा का तुटतो, तेही यातूनच कळते. नवे बोअरहोल बऱ्याचदा पट्ट्याच्या टोकाकडे, जास्त अंतरावर घेतलेले असतात. ५० मीटरच्या अंतराला पुरलेले गुणोत्तर १२० मीटरला पुरत नाही.

गुणोत्तर वाढवले की दिशा अचूक हवी

इतके मोठे गुणोत्तर दिले की दुसरी अडचण उभी राहते. चपट्या लंबगोलाची दिशा थोडी जरी चुकली तरी तो थरातून बाहेर निघतो.

किती चुकली तर? त्याच दोन बोअरहोलांमध्ये स्ट्राइक ३.४ अंशांनी चुकला, तर मध्यबिंदूवर प्रत्येक बोअरहोलचा पट्टा ३ मीटरनी सरकतो, एक एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला. एकूण ६ मीटर, म्हणजे थराची अख्खी जाडी. यापेक्षा जास्त चूक झाली की दोन पट्टे एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. त्या तिरक्या चकत्या इथून येतात. साधा होकायंत्र-क्लिनोमीटर घेऊन उघड्या खडकावर मोजताना दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, हे फील्डवर गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

सौसरच्या खडकांत तर एकच दिशा असतच नाही. हे प्रीकँब्रियन काळातले रूपांतरित गाळाचे खडक आहेत आणि त्यांना पुन्हा पुन्हा घड्या पडल्या आहेत. एकाच लीजमध्ये थर एका बाजूला दक्षिणेकडे ७० अंश उतरतो, घडीच्या नाकाशी वळतो आणि दुसऱ्या बाजूला निराळ्याच दिशेने जातो. साऱ्या मॉडेलला एकच लंबगोल दिला तर घडीची एक बाजू जुळते आणि दुसरी तुटते. मग दुसरी जुळवायला दिशा बदलली की पहिली तुटते. या चक्रात दिवसच्या दिवस जातात.

आधी भाग पाडून बघा. घडीची एक बाजू, दुसरी बाजू आणि नाक असे तीन भाग करून प्रत्येकाला स्वतःची दिशा द्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादा संदर्भपृष्ठ देऊन त्याच्या वळणाप्रमाणे दिशा बदलत नेण्याची सोयही असते. पृष्ठभागावरचे नकाशे आणि भूमिगत लेव्हलवरची मोजमापे भरपूर असतील तर हा मार्ग चालतो. पण नाकाच्या भागात, जिथे थर अनेकदा जाड होतो आणि म्हणून खाणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो, तिथेच दिशा झपाट्याने बदलते आणि तिथेच हा मार्ग अपुरा पडतो.

गोंडाइटचा घोळ

ग्रेडवरून आकार काढू नये म्हणण्यामागे भूमितीखेरीज अजून एक कारण आहे, आणि ते याच पट्ट्याचे खास आहे.

गोंडाइट हा स्पेसार्टाइन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा खडक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्मर यांनी गोंड लोकांवरून त्याला हे नाव दिले, आणि भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ चा आहे. शुद्ध स्पेसार्टाइनमध्ये वजनाने सुमारे ३३ टक्के मँगनीज असते. म्हणजे खडकात निम्मे गार्नेट असेल तर ॲसेमध्ये १६-१७ टक्के मँगनीज दिसेल, पण ते सिलिकेटमध्ये अडकलेले. ब्राउनाइट, पायरोलुसाइट अशा खनिजांसारखे ते वापरता येत नाही.

आता फक्त मँगनीजच्या टक्केवारीवर मर्यादा ठेवून आकार काढला, तर मर्यादा खाली असताना गोंडाइट थरात शिरतो आणि थर भलताच जाड होतो. मर्यादा वर नेली की थरातला सिलिकामिश्रित भाग गळतो आणि थर तुटतो. मध्ये कुठेही थांबले तरी समाधान होत नाही, कारण प्रश्न मर्यादेचा नाहीच. सिलिकाचा रकाना शेजारी ठेवून आणि कोअर प्रत्यक्ष पाहून खडक कोणता ते आधी ठरवा. लॉगिंगमध्ये "मँगनीज ओअर", "गोंडाइट", "सिलिकामिश्रित ओअर" असे वेगळे संकेत असतील तर निम्मे काम झालेच. नसतील, तर कोअरच्या पेट्या पुन्हा उघडून ते संकेत द्यायला बसावे. मॉडेलवर खर्च होणाऱ्या वेळापेक्षा हा वेळ कितीतरी जास्त फळ देतो.

त्यात भर म्हणजे मनसर प्रस्तराच्या (सौसर समूहातल्या एका भागाच्या) अनुषंगाने मँगनीज एकाहून अधिक पातळ्यांवर सापडते. वरचा थर एका बोअरहोलमध्ये आणि खालचा शेजारच्या बोअरहोलमध्ये लागला, आणि दोघांना एकच समजून जोडले, तर स्क्रीनवर नागमोडी थर दिसतो आणि तो घडीसारखा भासतो. थराच्या वर-खाली कोणता खडक आहे ते पाहून प्रत्येक छेदाला थराचे नाव द्या. सॉफ्टवेअरला ही नावे स्वतःहून कळत नाहीत.

सीमांवरून थर बांधणे

प्रत्येक बोअरहोलमध्ये थर जिथे लागला आणि जिथे संपला, ते दोनच बिंदू घ्या. एक हँगिंग वॉलचा (थराच्या वरच्या सीमेचा), एक फूट वॉलचा (खालच्या सीमेचा). अख्ख्या मॉडेलमधून या दोन पृष्ठांचे बिंदू वेगळे काढा आणि दोन पृष्ठे बांधा. या दोन पृष्ठांमधली जागा म्हणजे थर. बोअरहोलमध्ये शिस्ट ९५ टक्के आहे की ५०, याने इथे काही फरक पडत नाही. तोच तर गोळ्यांचा मूळ कारक होता.

लीपफ्रॉगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शिरांसाठी असलेली सोय हेच करते. फुकट आणि मुक्त पर्याय हवा असेल तर जेमपाय ही पायथन लायब्ररी पाहा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तिची सुरुवात झाली. ती थराच्या सीमेवरचे बिंदू आणि डिप-स्ट्राइकची मोजमापे अशी दोन्ही एकत्र वापरते, आणि मोजमाप सीमेवरच घेतलेले असायला हवे असेही नाही. शेजारच्या शिस्टमधले मोजमाप चालते. सौसरसारख्या ठिकाणी हा मोठा फायदा आहे, कारण थर स्वतः अनेकदा जुन्या खोदकामात नाहीसा झालेला असतो आणि शिस्ट मात्र उघडा असतो. फक्त घडीच्या नाकाशी शिस्टमधली पत्रित रचना मूळ थराला समांतर राहत नाही, तेव्हा तिथली मोजमापे "थराची" आणि "पत्रणाची" अशी वेगळी ठेवा.

साध्या टू-डी ग्रिडिंगने, म्हणजे प्रत्येक जागेला एकच उंची देणाऱ्या पद्धतीने, हे करू नका. तीव्र उताराचा थर उलटला की एकाच उभ्या रेषेवर त्याच्या दोन उंची येतात आणि ग्रिडिंग दोघांच्या मधली भलतीच उंची काढते. कोळशाच्या जवळपास आडव्या थरांना ही पद्धत चांगली लागू पडते. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर काम करून इकडे आलेल्यांचा हात आपसूक तिच्याकडेच जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोन पृष्ठे स्वतंत्र बांधल्यावर कुठे कुठे ती एकमेकांना छेदतात आणि जाडी ऋण होते. तिथे थराचे मधले पृष्ठ एकदा बांधून जाडी वेगळी पसरवणे बरे. जाडी म्हणजे खरी जाडी, बोअरहोलमध्ये दिसलेली नव्हे. थर दक्षिणेकडे ७० अंश उतरत असेल आणि बोअरहोल उभा असेल, तर ८ मीटरचा छेद म्हणजे खरी जाडी जेमतेम २.७ मीटर. तोच छेद उत्तरेकडे ६० अंशांनी खाली जाणाऱ्या बोअरहोलमध्ये मिळाला असेल तर खरी जाडी सुमारे ६.१ मीटर. उभे आणि तिरके बोअरहोल मिसळलेले असतील आणि हा हिशेब केलेला नसेल, तर थर विनाकारण फुगत-आकसत जातो.

ज्या बोअरहोलमध्ये थर लागलाच नाही, त्यांनाही मॉडेलमध्ये जागा द्या. ते इतर बोअरहोलांइतकेच बोलतात. थर तिथवर पोचत नाही, किंवा बोअरहोल थरापर्यंत पोचण्याआधीच संपला, या दोन गोष्टींत फरक करा. लांबी अपुरी असलेल्या बोअरहोलला "थर नाही" असे धरले, तर त्या जागी थराला उगाच खिंडार पडते. शेवटच्या बोअरहोलच्या पुढे थर किती न्यायचा याची मर्यादाही स्वतः ठरवा. बोअरहोलांमधल्या अंतराच्या निम्मे, ही सावध आणि रूढ मर्यादा आहे.

आकार तयार झाला की मग ब्लॉक आणि ग्रेड. ६ मीटरच्या थरात २५ मीटरचे ब्लॉक बसवू नका. उप-ब्लॉक वापरा आणि ब्लॉकची जाळी थराच्या स्ट्राइकला समांतर फिरवा, म्हणजे पायऱ्या जातात. स्क्रीनवर उभी पट वाढवलेली असेल तर डिप मोजू नका. तिप्पट उभ्या पटीत ४५ अंशांचा थर ७२ अंशांचा दिसतो.

नवा बोअरहोल आल्यावर

दर वेळी एक चाचणी करा. नवा बोअरहोल मॉडेलमध्ये टाकण्याआधी जुन्या मॉडेलवरून तो थराला किती खोलीवर लागायला हवा ते लिहून ठेवा, मग खरी खोली पाहा. फरक थराच्या जाडीपेक्षा कमी असेल तर नुसते बिंदू वाढवा. जास्त असेल तर मॉडेल आपोआप अद्ययावत होऊ देऊ नका. आधी कॉलर, सर्व्हे आणि थराचे नाव तपासा, आणि तिन्ही बरोबर असतील तर त्या जागची रचनाच वेगळी आहे असे समजून सेक्शन हाताने पुन्हा काढा. कागद-पेन्सिलीने काढलेला सेक्शन मॉडेलवर ठेवून पाहण्याइतकी चांगली तपासणी मला अजून तरी दुसरी माहीत नाही.

हे सगळे करूनही थर काही ठिकाणी बारीक होत असेल आणि काही ठिकाणी फुगत असेल, तर घाबरू नका. या पट्ट्यात ताणामुळे थर खरोखरच तुटून त्याचे मणी झालेले आढळतात. शिस्टच्या मानाने कडक असलेला खनिजाचा थर ओढला गेला की तो ठिकठिकाणी बारीक होतो, क्वचित पूर्ण तुटतो. असे खरे मणी आणि इंटरपोलेशनचे गोळे यांत फरक करायला बोअरहोल हीच खूण आहे. गोळ्याचे केंद्र नेहमी बोअरहोलवर असते. खऱ्या मण्याला बोअरहोल कुठे आहे याच्याशी देणेघेणे नसते. तो बोअरहोलच्या बाजूलाही येतो, आणि एखाद्या बोअरहोलमध्ये नेमका बारीक भागही लागतो. भूमिगत लेव्हल किंवा खाणीची उघडी भिंत जवळ असेल तर तिथे मण्यांमधले अंतर आणि ते कोणत्या दिशेला लांबट आहेत ते मोजा. बोअरहोलांमधले अंतर त्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर मॉडेल कितीही सुधारले तरी प्रत्येक मणी वेगळा दाखवू शकणार नाही. मग थर सलग ठेवून त्याची सरासरी जाडी दाखवा, तो भाग वेगळ्या रंगाने खात्री कमी असलेला म्हणून नोंदवा, आणि पुढचे बोअरहोल मण्यांमधल्या अंतराच्या निम्म्यावर मागा.